ई-बुक रीडर की टॅबलेट?



गेल्या वर्षी आमच्या शाळेत एक आनंदाची गोष्ट घडली आणि तिच्यामुळेच एक पेचही उभा राहिला. आमचा एक माजी विद्यार्थी आता परगावी चांगल्या नोकरीवर आहे. त्याने शाळेच्या वाचनालयासाठी साठ हजार रुपये पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत त्याने एकच इच्छा व्यक्त केली होती. या पैशांतून मुलांच्या हाती वाचनाचे साधन पडावे, असे त्याचे म्हणणे होते. ते साधन कोणते असावे, हे मात्र त्याने आमच्यावर सोपवले होते.

मुख्याध्यापक साहेबांनी बैठक बोलावली. साहेब म्हणाले, "टॅबलेट घेऊ. आजचा जमाना त्याचाच आहे." आमचे ग्रंथपाल म्हणाले, "साहेब, छापील पुस्तके घ्या. त्यांना वीज लागत नाही." मी म्हणाले, "दोन्ही नको. ई-बुक रीडर घेऊ. तो फक्त वाचण्यासाठीच बनवलेला असतो." त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढे महिनाभर आम्ही विचार केला, काही प्रयोग केले आणि त्या महिन्यात माझे मत बदलले. ते का बदलले, हे तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे. कारण हा प्रश्न केवळ आमच्या शाळेचा नाही. दहावीला चांगले गुण मिळाले, की मामा किंवा चाचा विचारतात, "बोल, काय घेऊन देऊ?" त्या वेळी तुम्हांलाही उत्तर द्यावे लागेल. घरातले कष्टाचे पैसे एकदाच खर्च होतात. म्हणून उत्तर विचार करून दिले पाहिजे.

प्रथम ही दोन यंत्रे म्हणजे काय, ते समजून घेऊ.

टॅबलेट तुमच्या ओळखीचा आहे. मोठ्या पाटीएवढा मोबाइल म्हणजे टॅबलेट, असे म्हटले तरी चालेल. २०१० साली अॅपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला आणि टॅबलेट घरोघरी पोहोचू लागला. त्याचा पडदा रंगीत असतो. तो स्वतः प्रकाश देतो. त्यावर पुस्तक वाचता येते, चित्रपट पाहता येतो, गणिताचा पाठ ऐकता येतो, पत्र लिहिता येते आणि खेळही खेळता येतात.

ई-बुक रीडरची गोष्ट वेगळी आहे. दिसायला तो लहान टॅबलेटसारखाच असतो, पण त्याचा पडदा निराळ्या तत्त्वावर चालतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झालेल्या संशोधनातून १९९७ साली ई इंक नावाची कंपनी निघाली. तिने तयार केलेल्या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात. एकेक कुपी केसाच्या जाडीएवढीच असते. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण एका द्रवात तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर एका प्रकारचा विद्युतभार असतो आणि काळ्या कणांवर त्याच्या उलट असतो. विजेचा हलका झटका दिला, की काही ठिकाणी काळे कण वर येतात आणि काही ठिकाणी पांढरे. त्यातून अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर पाटीवरच्या अक्षरासारखे तसेच राहते. त्याला धरून ठेवण्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना. म्हणून ई-बुक रीडर एकदा चार्ज केला, की रोज थोडे थोडे वाचणाऱ्याला कित्येक आठवडे पुरतो. टॅबलेट सतत वापरला, तर आठ-दहा तासांत त्याची बॅटरी संपते.

या पडद्याचा दुसरा गुण म्हणजे तो कागदासारखा दिसतो. बाहेरचा उजेड त्यावर पडतो आणि त्या उजेडात आपण वाचतो. भर उन्हात अंगणात बसून वाचले, तरी अक्षर स्पष्ट दिसते. टॅबलेट उन्हात नेला, तर त्यात आपलाच चेहरा दिसतो. अंधारात वाचता यावे म्हणून आता बहुतेक ई-बुक रीडरच्या कडांना छोटे दिवेही बसवलेले असतात. त्यांचा प्रकाश पडद्यावर पसरतो.

तिसरा गुण वजनाचा. अॅमेझॉन कंपनीचा पहिला किंडल २००७ साली अमेरिकेत विक्रीला आला आणि २०१२ पासून तो भारतातही मिळू लागला. त्याची २०२२ सालची साधी आवृत्ती केवळ १५८ ग्रॅम वजनाची आहे. २०१० सालचा पहिला आयपॅड जवळजवळ ६८० ग्रॅमचा होता. आडवे पडून तासभर वाचणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो.

रात्रीच्या वाचनाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतील काही शास्त्रज्ञांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात बारा जणांनी काही रात्री झोपण्यापूर्वी छापील पुस्तक वाचले आणि काही रात्री प्रकाश देणाऱ्या पडद्यावर वाचले. पडद्यावर वाचले त्या रात्री त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटे अधिक लागली आणि सकाळी सुस्तीही अधिक जाणवली. बारा माणसे म्हणजे फार मोठी संख्या नव्हे आणि ती रोज चार तास वाचत होती. पण रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

इतके गुण वाचल्यावर तुम्ही म्हणाल, "आपा, मग अडले कुठे?" हेच मीही त्या बैठकीत विचारत होते. चार वर्षांपूर्वी मी माझ्या पगारातून एक ई-बुक रीडर घेतला होता. आमच्या मालेगावात वीज गेली, की तोच माझा सोबती. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, गल्लीत खडखडाट नसतो. त्या दिवशी मी त्यावर मराठी आणि इंग्रजी कादंबऱ्या वाचून काढल्या होत्या. म्हणून मी मोठ्या खात्रीने तो नववीच्या वर्गात घेऊन गेले.

सुरुवातीला सगळे छान चालले. मी एक मराठी गोष्ट उघडली. अक्षर मोठे करून दाखवले, लहान करून दाखवले. अडलेल्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ काढून दाखवला. मुली पुढे सरकून पाहू लागल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आपा, यात आपले उर्दूचे पुस्तक लावा ना."

बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. उर्दू माध्यमाचीही मिळतात. मी दुसऱ्या दिवशी नववीचे उर्दूचे पुस्तक रीडरमध्ये घालून आणले. पान उघडले आणि माझा उत्साह मावळला. पुस्तकाचे मोठे पान त्या छोट्या पडद्यात मावावे म्हणून आक्रसले होते. अक्षरे मुंग्यांसारखी दिसत होती. 'बे'च्या खाली एक नुक्ता असतो आणि 'पे'च्या खाली तीन, 'ते'च्या वर दोन असतात आणि 'से'च्या वर तीन, हे तुम्ही पहिलीत शिकलात. त्या पडद्यावर हे नुक्ते एकमेकांत मिसळून गेले होते. मी पान मोठे केले, तर अर्धे पान पडद्याबाहेर गेले. मग प्रत्येक ओळ उजवीकडून वाचायला सुरुवात करायची, पान सरकवायचे, ओळ संपवायची आणि पुन्हा पान उजवीकडे न्यायचे, असा खेळ सुरू झाला. हा पडदा मुळात हळू चालणारा. प्रत्येक वेळी तो लुकलुकायचा. ती मुलगी थोडा वेळ धीराने वाचत राहिली. मग म्हणाली, "आपा, याच्यापेक्षा अब्बांचा मोबाइल बरा." सारा वर्ग हसला. मीही हसले, पण तिचे बोलणे माझ्या मनातून गेले नाही.

तुम्हीही हे करून पाहा. सहा इंच म्हणवणारा पडदा सुमारे १२ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतो. वहीवर तेवढा आयत काढा. आता तुमच्या पाठ्यपुस्तकाचे पान पट्टीने मोजा आणि ते त्या आयतात कसे बसेल याची कल्पना करा. दहा इंची टॅबलेटचा पडदा सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद भरतो. दोन्ही आयतांचे क्षेत्रफळ काढलेत, तर दुसरा पहिल्याच्या अडीचपट आहे, असे तुम्हांला आढळेल.

पण मग मराठी गोष्ट त्याच छोट्या पडद्यावर इतकी चांगली कशी वाचता आली? कारण ई-बुक दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात मजकूर खऱ्या अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. तो पाण्यासारखा असतो. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतो. अक्षर मोठे केले, की ओळी आपोआप नव्याने लागतात. दुसऱ्या प्रकारात पान जसेच्या तसे जखडलेले असते किंवा त्याचे छायाचित्रच काढलेले असते. ते भिंतीवरच्या तसबिरीसारखे असते. भिंत लहान असली, तरी तसबीर बदलत नाही.

मराठी, हिंदी आणि इंग्रजीची पुष्कळ पुस्तके आता पहिल्या प्रकारात मिळतात. डिसेंबर २०१६ मध्ये अॅमेझॉनने किंडलसाठी पाच भारतीय भाषांतील ई-बुके विकायला सुरुवात केली. त्या भाषा होत्या हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम. उर्दू त्यांत नव्हती. उर्दूची बहुतेक ई-बुके आजही दुसऱ्या प्रकारची, म्हणजे तसबिरीसारखी आहेत.

असे का झाले? याचे कारण आपल्या लिपीच्या सौंदर्यातच दडलेले आहे. नस्तालिक लिपीतली अक्षरे एका आडव्या रेषेवर उभी राहत नाहीत. ती उजवीकडून डावीकडे, वरून खाली उतरत येतात. एकच अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी वेगळे रूप घेते. शेजारचे अक्षर बदलले, तरी ते बदलते. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईला हे कधी नीट जमले नाही. म्हणून उर्दूची वर्तमानपत्रे आणि पुस्तके वर्षानुवर्षे कातिब हाताने लिहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या सुलेखनावर आधारलेली नूरी नस्तालिक ही संगणकीय अक्षरमाला आली. तिच्यासाठी जोडाक्षरांचे हजारो आकार तयार करावे लागले होते. पुढे १९९४ मध्ये इनपेज हे सॉफ्टवेअर आले आणि उर्दू छापखान्यांचे काम सोपे झाले. मात्र इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांतला मजकूर इतर यंत्रांना सहज वाचता येत नसे. त्यामुळे पुस्तक संगणकावर तयार झाले, तरी वाचकापर्यंत ते पानाच्या चित्राच्या रूपातच पोहोचत राहिले. २०१३ साली सुरू झालेल्या रेख्ता या संकेतस्थळाने हजारो जुन्या उर्दू पुस्तकांची पाने जपून ठेवली आहेत. बाजारात न मिळणारी पुस्तके तेथे घरबसल्या वाचता येतात. हे काम मोलाचे आहे. परंतु ती पानेही छायाचित्रेच आहेत आणि ती वाचायला मोठा पडदा आणि इंटरनेट लागते.

दुसरी अडचण पाठ्यपुस्तकांची. तुमच्या पुस्तकांत जागोजागी चौकोनी क्यूआर कोड छापलेले असतात. दीक्षा या अॅपमधून ते उघडले, की पाठाशी संबंधित चित्रफीत किंवा सराव दिसतो. नकाशे रंगीत असतात. विज्ञानाच्या आकृत्याही रंगीत असतात. बहुतेक ई-बुक रीडरना रंग ठाऊक नसतात. २०२४ मध्ये अॅमेझॉन आणि कोबो या दोन्ही कंपन्यांनी रंगीत पडद्याचे रीडर आणले, पण ते साध्या रीडरपेक्षा महाग आहेत. चित्रफीत तर त्यांवरही पाहता येत नाही.

एवढ्यावरून मी मुख्याध्यापक साहेबांना म्हणाले, "साहेब, तुमचेच बरोबर होते. टॅबलेट घेऊ." पण साहेब अनुभवी. ते म्हणाले, "थांबा. तुमच्या यंत्राची परीक्षा झाली. आता माझ्या यंत्राचीही होऊ द्या." त्यांनी आपल्या मुलाचा टॅबलेट आठवडाभर वाचनालयात ठेवला.

पहिल्या दिवशी मुलांनी त्यावर उर्दूचे पुस्तक वाचले. नुक्ते स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या दिवशीही वाचन झाले. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर कोपऱ्यात पाच मुले एकमेकांना चिकटून बसली होती आणि कोणी पान उलटत नव्हते. जवळ जाऊन पाहिले, तर क्रिकेटचा जुना सामना चालू होता. ज्याच्या हाती टॅबलेट होता, त्या मुलाने खरे ते सांगितले. तो म्हणाला, "आपा, मी गोष्टच वाचत होतो. मध्येच वरून एक चौकोन उतरला. त्यात सामन्याचे चित्र होते. मी फक्त बोट लावले."

त्या मुलाला मी रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? मीही रात्री मोबाइलवर एका शब्दाचा अर्थ पाहायला बसते आणि अर्ध्या तासाने लक्षात येते, की शब्द बाजूलाच राहिला. ते चौकोन तयार करणारी माणसे हुशार असतात. आपण बोट लावावे, हेच त्यांचे काम असते. नववीच्या मुलाच्या इच्छाशक्तीला त्यांच्याशी एकट्याने लढायला लावणे योग्य नाही. ई-बुक रीडरचा सर्वांत मोठा गुण तेव्हा मला नव्याने कळला. त्याला दुसरे काही फारसे येत नाही, हाच तो गुण.

यंत्र दिले म्हणजे वाचन आपोआप येते, असा समज पूर्वीही अनेकांनी करून घेतला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत आकाश नावाच्या स्वस्त टॅबलेटचे प्रकाशन झाले. तो देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा, असा सरकारचा विचार होता. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण पडदा आणि बॅटरी दोन्ही बेताचे निघाले आणि योजना ठरल्याप्रमाणे तडीस गेली नाही. आफ्रिकेतील घाना या देशात २०१० साली वर्ल्डरीडर या संस्थेने शाळकरी मुलांना ई-बुक रीडर दिले. मुलांना ते आवडले. त्यांना कितीतरी नवी पुस्तके मिळाली. पण यंत्रे नाजूक होती, पडदे फुटून बरीच बंद पडली. मुलांना आपल्या भागातल्या गोष्टी वाचायला मिळाव्यात म्हणून तेथील लेखकांची पुस्तकेही त्यांत घालावी लागली. पुढे त्या संस्थेने मोबाइलवरूनही पुस्तके द्यायला सुरुवात केली, कारण मोबाइल लोकांच्या हाती आधीच होता. या दोन्ही उदाहरणांतून आम्ही एक धडा घेतला. यंत्र मजबूत हवे आणि त्यात मुलांच्या भाषेतले पुस्तक आधी हवे.

छापील पुस्तकाची बाजू घेणारे आमचे ग्रंथपालही गप्प बसले नव्हते. त्यांनी एक प्रश्न विचारला. "यंत्रातले पुस्तक विकत घेतले, तर ते आपले होते का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत एक विचित्र घटना घडली. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या काही लोकांनी किंडलवर विकत घेतल्या होत्या. विकणाऱ्याकडे त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, असे कळल्यावर अॅमेझॉनने दुरूनच ती पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून काढून टाकली. पैसे परत केले आणि नंतर कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण लोकांच्या लक्षात आले, की कपाटातले पुस्तक असे कोणी रात्रीतून नेऊ शकत नाही. विकत घेतलेल्या ई-बुकाचा आपल्याला सहसा वाचण्याचा परवाना मिळतो. ते धाकट्या भावाला देता येत नाही, रद्दीत विकता येत नाही आणि शाळेच्या कपाटात ठेवून शंभर मुलांना वाटता येत नाही. विनामूल्य मिळणाऱ्या पाठ्यपुस्तकांना ही अडचण नाही. विकतच्या पुस्तकांना आहे.

आता आम्ही काय ठरवले, ते सांगते.

आम्ही दहा इंची तीन टॅबलेट घेतले. जाड आवरणे आणि पडद्यावरच्या जादा काचा धरून ३९,००० रुपये खर्च झाले. उरलेल्या २१,००० रुपयांची उर्दू आणि मराठी छापील पुस्तके घेतली. माझा जुना ई-बुक रीडर मी वाचनालयाला देऊन टाकला. मराठी किंवा इंग्रजी कादंबरी वाचायची असेल, त्याने तो मागून घ्यावा.

टॅबलेट घेतले, पण ते मोकळे सोडले नाहीत. त्यांत सिमकार्ड घातलेले नाही. पुस्तके ग्रंथपाल आधीच भरून ठेवतात आणि वाचनाच्या तासाला इंटरनेट बंद असते. ज्याला रेख्तावरचे पुस्तक किंवा दीक्षामधला पाठ पाहायचा असेल, त्याने तसे सांगायचे. मग ग्रंथपाल समोर बसून इंटरनेट सुरू करतात. वरून उतरणारे ते चौकोन आम्ही बंद करून ठेवले आहेत. पडदा एकाच अॅपवर बांधून ठेवण्याची सोय बहुतेक टॅबलेटमध्ये असते, तीही वापरली. टॅबलेट वाचनालयाबाहेर जात नाहीत.

कोणी म्हणेल, "साठ हजारांची पुस्तकेच घ्यायची होती. चारशे पुस्तके आली असती." हा आक्षेप मला पटण्यासारखा वाटतो. तरीही मी टॅबलेटच्या बाजूने हात वर केला. आमच्या मुलांना हवी असलेली कितीतरी जुनी उर्दू पुस्तके बाजारात मिळतच नाहीत. पैसे असले, तरी ती आणायची कोठून? शिवाय आमच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी एकच मोबाइल आहे आणि तो अब्बांसोबत दिवसभर कारखान्यात असतो. क्यूआर कोड छापलेले पुस्तक त्या मुलांच्या हाती आहे, पण तो कोड उघडायचा कशाने? या मुलांसाठी शाळेत मोठा पडदा हवाच होता.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. एक टॅबलेट हातातून पडला आणि आवरण असूनही त्याच्या काचेला तडा गेला. दोन मुलांनी आमचा गुप्त अंकही शोधून काढला. तो बदलावा लागला. आणखी एक गोष्ट आमच्या ग्रंथपालांनी मला नोंदवही उघडून दाखवली. सर्वांत जास्त मागणी त्या २१,००० रुपयांच्या छापील पुस्तकांना आहे. कारण ती घरी नेता येतात. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने शाळेत टॅबलेटवर उर्दू कथा वाचायला सुरुवात केली. आता ती दर गुरुवारी एक छापील पुस्तक घरी नेते आणि शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा आपल्या दादीला वाचून दाखवते. ग्रंथपाल हे सांगताना किंचित हसले. मी त्यांचे म्हणणे मान्य केले.

मित्रांनो, आता तुमच्या घराचा विचार करा. मामा जेव्हा विचारतील, "काय घेऊन देऊ?" तेव्हा चटकन उत्तर देऊ नका. आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. मी काय वाचणार आहे आणि ते कोणत्या लिपीत आहे? घरात आधीपासून कोणते यंत्र आहे? ते मी एकटा वापरणार की भावंडेही वापरणार? आणि माझे बोट माझ्या ताब्यात आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्या. ते दुसऱ्या कोणाला सांगावे लागत नाही.

घरात अभ्यासासाठी कोणताच पडदा नसेल, भावंडे तीन-चार असतील आणि वाचायचे मुख्यतः उर्दू असेल, तर मोठ्या पडद्याचा टॅबलेट घ्या. मात्र त्याचे नियम पहिल्याच दिवशी अम्मी-अब्बांसमोर ठरवा. तुमच्याजवळ चांगला मोबाइल आधीच असेल, तर टॅबलेट घेऊ नका. तो दुसरा मोबाइलच होईल. अशा वेळी, मराठी-इंग्रजी पुस्तकांची आवड असेल, तर ई-बुक रीडर घ्या. तो तुम्हांला पुस्तकाशी बांधून ठेवील. घेण्यापूर्वी दुकानदाराला आपल्या आवडीचे एक पुस्तक त्यावर उघडून दाखवायला सांगा. नुसते जाहिरातीतले चित्र पाहून पैसे देऊ नका. आणि यांपैकी काहीच घेण्याची ऐपत नसेल, तर मनाला लावून घेऊ नका. वाचनालयाचे सभासद व्हा. त्याची वर्गणी एका टॅबलेटच्या आवरणापेक्षाही कमी असते.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवते. त्या मुलीने मला विचारले होते, "आपा, यात आपले उर्दूचे पुस्तक लावा ना." मी ते लावू शकले नाही. त्यात दोष त्या यंत्राचा जेवढा आहे, तेवढाच आपला आहे. उर्दू पुस्तकांची छायाचित्रे काढून आपण थांबलो. ती पुस्तके खऱ्या अक्षरांत उतरवली, तर ती कोणत्याही पडद्यावर पाण्यासारखी मावतील आणि 'पे'चे तीन नुक्ते तीनच दिसतील. त्यासाठी उर्दू उत्तम जाणणारी आणि संगणकही जाणणारी माणसे हवीत. तुमच्यापैकी काही जण उद्या संगणक शिकतील. त्यांनी रोज एक पान जरी असे उतरवले, तरी वर्षाला एक पुस्तक तयार होईल. ज्या दिवशी अशी पुस्तके पुरेशी होतील, त्या दिवशी आमच्या शाळेच्या बैठकीत मी पुन्हा ई-बुक रीडरच्या बाजूने हात वर करीन.